तार उतरल्यावर काय उरतं? ट्रॉलीबसच्या निमित्तानं जतनाचा विचार

आज आपण एका बसबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात बस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण एखादी जुनी वस्तू ‘जतन केली’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय जतन होतं, हे एखादी ठोस वस्तू समोर ठेवूनच विचारावं लागतं. नाहीतर चर्चा हवेत राहते. आम्ही त्यासाठी ट्रॉलीबस निवडली आहे. ही गाडी महाराष्ट्रात जवळजवळ नऊ वर्षं धावली, आणि नंतर इतकी विस्मरणात गेली की ती होती हेसुद्धा आज सांगावं लागतं.

आधी वस्तू समजून घेऊ

ट्रॉलीबस म्हणजे डोक्यावरच्या तारांमधून वीज घेऊन डांबरी रस्त्यावर धावणारी बस. ट्रामलाही वरून वीज मिळते, मग फरक काय? ट्रामला वर एकच तार पुरते. वीज तारेतून येते, मोटार फिरवते आणि लोखंडी चाकांतून रुळांवाटे परत जाते. विजेला जाण्याइतकीच परतीची वाटही लागते. बसची चाकं रबरी, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून परतीची वाटसुद्धा वरच द्यावी लागते. ट्रॉलीबसवर दोन तारा आणि टपावर दोन लांब दांडे दिसतात ते यासाठी. हे दांडे स्प्रिंगच्या जोरावर खालून तारांना टेकलेले असतात.

याचे फायदे बरेच आहेत. रूळ टाकायला रस्ता खणावा लागत नाही. दांड्यांची लांबी पुरेल तितकं गाडीला डावी-उजवीकडे सरकता येतं, म्हणजे वाटेत हातगाडी उभी असली तरी बाजूनं निघता येतं आणि थांब्यावर फुटपाथला लागता येतं. विजेची मोटार उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे चढावर ती भारी. धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. तोटा एकच, पण मोठा. वळणावर किंवा तारांच्या सांध्यावर दांडा निसटला की गाडी जागच्या जागी थांबते, आणि कोणीतरी खाली उतरून दोरीनं किंवा लांब काठीनं तो दांडा परत तारेला लावून द्यावा लागतो.

कल्पना जुनी आहे. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८२ साली बर्लिनजवळ तारेवर चालणारी गाडी चालवून दाखवली होती. आपल्या देशात दिल्लीला १९३५ पासून ट्रॉलीबस होत्या.

मुंबईतली नऊ वर्षं

आता मुंबईकडे येऊ. १८७४ साली तिथे घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. पुढे मोटारबस वाढल्या, रस्ते गजबजले आणि ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होऊ लागले. अशाच एका मार्गावर ट्रामच्या जागी बेस्टनं ट्रॉलीबस आणली. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर बारा गाड्या सुरू झाल्या. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. ट्रॉलीबस मात्र २४ मार्च १९७१ पर्यंत टिकली. गाड्या जुन्या झाल्या, वारंवार नादुरुस्त होऊ लागल्या, आणि सेवा बंद झाली.

इथे एक तारीख शेजारी ठेवून पाहा. लंडनमध्ये एके काळी जगातलं सर्वांत मोठं ट्रॉलीबसचं जाळं होतं. तिथली शेवटची ट्रॉलीबस धावली ८ मे १९६२ ला. म्हणजे लंडननं जिला निरोप दिला, तिचं मुंबईनं जेमतेम पाच आठवड्यांत स्वागत केलं! यात हसण्यासारखं काही नाही. मुंबईचा विचार सरळ होता: तारा, खांब आणि वीजपुरवठा ट्राममुळे आधीच हाताशी होते, फक्त रूळ नको होते. पण एका मार्गापुरत्या बारा गाड्या, हा आकडा लक्षात ठेवा. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी वेगळे सुटे भाग, वेगळे कारागीर, तारांची वेगळी देखभाल ठेवायची, आणि शेजारी डिझेलच्या बस शेकड्यांनी वाढत असायच्या. अशा ठिकाणी गाडी वाईट असावीच लागत नाही; ती एकटी असणं पुरेसं होतं.

आज मुंबईत आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. जुनी तिकिटं, यंत्रं, गाड्यांच्या लहान प्रतिकृती तिथे आहेत, आणि ते चांगलं काम आहे. पण त्या बारांपैकी एखाद्या गाडीत बसून, ती आवाज न करता कशी सुटायची हे अनुभवायचं म्हटलं, तर तशी सोय कुठेच नाही.

नागसेनाचा रथ

समजा, त्या बारांतली एक गाडी राखली असती. टायर, खिडक्या, आसनं, दांडे सगळं जागच्या जागी. एखाद्या बागेत चबुतऱ्यावर उभी केली असती. मग ट्रॉलीबस जतन झाली असती का?

दीक्षाभूमीच्या या शहरात ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथाची ओळख करून द्यायची गरज नाही. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांपलीकडे कुठे रथ आहे का? त्यालाही तो नाही म्हणतो. शेवटी राजालाच सांगावं लागतं की या सर्व भागांच्या जुळणीला आपण ‘रथ’ हे व्यवहारातलं नाव देतो, इतकंच.

न्याय-वैशेषिकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, अवयव वेगळे आणि अवयवी, म्हणजे त्यांतून उभी राहिलेली पूर्ण वस्तू, वेगळी. धाग्यांहून कापड वेगळं आहे. सुटे धागे अंगावर घेऊन थंडी जात नाही. हा वाद शेकडो वर्षं चालला आणि आपण तो आज मिटवणार नाही. पण दोन्ही बाजूंना ट्रॉलीबस दाखवली तर एका मुद्द्यावर दोघेही थांबतील: या वस्तूचे अवयव गाडीच्या आत संपतच नाहीत. तार हा तिचा अवयव आहे. तार धरणारे रस्त्याकडेचे खांब आहेत. त्या तारेत वीज सोडणारं उपकेंद्र आहे. निसटलेला दांडा अचूक तारेवर टेकवणारा माणसाचा हात आहे. डिझेलची बस आपली शक्ती टाकीत घेऊन फिरते. तिला जंगलात उभी केली तरी ती बस असते. ट्रॉलीबसवरची तार काढली की मागे फक्त दांडे लावलेली पेटी राहते.

म्हणून आपण वस्तू दोन प्रकारच्या मानू. काही वस्तू स्वतःत पुऱ्या असतात: नाणं, मूर्ती, तलवार. त्यांना कपाटात ठेवलं तरी बरंच काही वाचतं. काही वस्तू संबंधांनी बनलेल्या असतात, आणि संबंध तुटले की कपाटात ठेवायला फारसं काही उरत नाही. आपली संग्रहालयं मुख्यतः पहिल्या प्रकाराला धरून उभी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू सांभाळताना आपण चुकतो ते इथेच.

तारेसकट जतन

असं जतन शक्य आहे का? आहे. ब्रिटनमधली शेवटची ट्रॉलीबस ब्रॅडफर्ड शहरात २६ मार्च १९७२ ला धावली, म्हणजे मुंबईनंतर बरोबर एक वर्ष आणि दोन दिवसांनी. पण त्याआधीच, १९६९ साली, तिथल्या काही हौशी मंडळींनी सँडटॉफ्ट नावाच्या गावी, दुसऱ्या महायुद्धातल्या एका ओस पडलेल्या विमानतळाच्या जागेवर, जुन्या गाड्या आणून ठेवायला सुरुवात केली होती. गाड्या आणून ते थांबले नाहीत. त्यांनी खांब रोवले, तारा ओढल्या, वीजपुरवठा उभा केला. आज तिथे वेगवेगळ्या शहरांतून आणलेल्या ट्रॉलीबस एकाच तारेखाली धावतात. दांडा कसा लावायचा हे नवे स्वयंसेवक जुन्यांकडून शिकतात. ज्ञान पुस्तकात असतं तसं हातातही असतं. हातातलं ज्ञान दुसऱ्या हातानं घेतलं तरच टिकतं.

फरक पैशाचा होता असं कोणी म्हणेल, आणि तो काही अंशी होताच. पण वेळेचा फरकही पाहा. ब्रॅडफर्डच्या तारा उतरण्याआधी ही मंडळी कामाला लागली होती. तार उतरल्यावर, खांब भंगारात गेल्यावर, ड्रायव्हर निवृत्त झाल्यावर जाग आली, तर हाती छायाचित्रंच लागतात.

‘नाही’ हे दिसतं कसं?

आता व्याख्यानाच्या गाभ्याकडे येतो. वैशेषिकांनी अभाव हासुद्धा एक पदार्थ मानला आहे. ‘नाही’ याचेही त्यांनी प्रकार केले. घडा बनण्याआधी तो नसतो, तो प्रागभाव. घडा फुटल्यावर तो नसतो, तो प्रध्वंसाभाव. आमच्या मते यातला सगळ्यांत मोलाचा मुद्दा पुढचा आहे: अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला म्हणतात प्रतियोगी. ‘जमिनीवर घडा नाही’ हे कळायला घडा म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं. ज्यानं घडा कधी पाहिलाच नाही, त्याला फक्त जमीन दिसते.

हे आपल्या विषयाला लावा. गोवालिया टँकच्या रस्त्यावर आज उभं राहिलेल्या तरुणाला ट्रॉलीबस ‘नाही’ असं दिसत नाही. त्याला फक्त रस्ता दिसतो. प्रतियोगी गेला की अभावही दिसेनासा होतो, आणि मग प्रध्वंसाभाव आणि प्रागभाव यांत भेद करता येत नाही. म्हणजे जे होऊन गेलं, ते अजून व्हायचं आहे असं वाटू लागतं.

हे शब्दांचे खेळ नाहीत. आज नागपुरात, मुंबईत विजेवरच्या बस धावतात आणि आपण त्यांना नव्या युगाची गाडी म्हणतो. वरच्या तारेतून वीज घेणारे ट्रक आणि बस महामार्गांवर चालवाव्यात ही कल्पना आपल्याच शहराचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अनेकदा मांडली आहे. ती करावी की करू नये, हा वेगळा वाद. पण तो घालताना कोणालातरी विचारता यायला हवं: पावसाळ्यात दांडे किती निसटायचे? गर्दीच्या चौकात तारांचे सांधे कसे सांभाळले? या राज्यात नऊ पावसाळे त्या गाड्यांनी काढले आहेत. तो अनुभव हाताशी नसेल, तर आपण युरोपात जाऊन विचारू. जतनाचा संबंध हळहळीपेक्षा या अशा हिशेबाशी जास्त आहे.

आपल्या दारातला प्रश्न

मुंबईचं झालं, विदर्भाचं काय? इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेगाड्या तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीच्या आहेत. छिंदवाड्याकडचा छोटा मार्ग २०१५ साली बंद झाला, नागभीडचा २०१९ साली, दोन्ही मोठी लाइन टाकण्यासाठी. तिकडे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत काम करत होतं.

मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेजचं संग्रहालय आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जरूर पाहावं; मुलांना न्यावं. इंजिनं तिथे वाचली. पण त्याच वेळी रुळांची जागा मोठ्या रुळांनी घेतली. म्हणजे एकीकडे वाट राहिली आणि गाडी गेली. दुसरीकडे गाडी राहिली आणि वाट गेली. शकुंतला वाचवा म्हणणारी गावची माणसं यातलं काय वाचवा म्हणतात? इंजिन नव्हे. आपल्या गावाला थांबणारी, परवडणाऱ्या तिकिटाची गाडी वाचवा, असं त्यांचं म्हणणं आहे. ‘वारसा’ हा एकच शब्द वापरून आपण या तिन्ही मागण्या एका पोत्यात भरतो आणि मग एक पुरी झाली की बाकीच्या मिटल्या असं समजतो.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे. विचारलंय, “रस्त्यात खड्डे असताना जुन्या गाड्या सांभाळण्यावर खर्च करणं ही चैन नाही का?” प्रश्न चांगला आहे. सगळंच राखता येत नाही, आणि राखूही नये. तसं केलं तर जगायला जागा उरणार नाही. पण बारांतली एक गाडी, शंभर मीटर तार आणि दोन जाणती माणसं, ही चैन म्हणता येणार नाही. आणि जिथे तेवढंही जमत नाही, तिथे फुकट होणारं एक काम आहे. शकुंतलेचे, छिंदवाडा लाइनचे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, गँगमन आज सत्तरी-ऐंशीत आहेत. चढावर वाळू केव्हा टाकायची, ओल्या रुळावर ब्रेक किती आधी लावायचा, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. तुमच्या सगळ्यांच्या खिशात फोन आहे. त्यांच्यासमोर बसा, नावं-गावं-तारखा विचारा, पण त्याहून जास्त ‘कसं करायचात?’ हे विचारा आणि ते करताना त्यांचे हात चित्रित करून ठेवा. मोतीबागेतल्या इंजिनाला तेवढी जोड मिळाली तरी पुष्कळ झालं.

मुंबईच्या ट्रॉलीबसवर ज्यांनी विशी-पंचविशीत काम केलं, ती माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे असतील. आपल्या नात्यात, ओळखीत कोणी असेल तर या आठवड्यात त्यांना फोन करा. पुढच्या वेळी आपण अनुपलब्धी घेऊ, म्हणजे वस्तू न दिसण्यातून होणारं ज्ञान. मीमांसकांनी त्यावर काय म्हटलं ते पाहू.