एकाचे आठ हजार

ज्वारीचा एक दाणा पेरला तर कणसात किती दाणे भरतात, हे पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याला प्राध्यापकाने सांगायला नको. पण दाणाच इतका बारीक असला, की डोळ्यांना दिसत नाही आणि तराजूत बसत नाही, तर तो मोजायचा कसा? पेरायचा, आणि पीक मोजायचे!

वाचकहो, तळहात आडवा धरा. आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण त्यातून दर मिनिटाला शंभराच्या आसपास आरपार जात आहेत. असा कण वायूतून गेला, की वाटेतल्या परमाणूंतून थोडे इलेक्ट्रॉन सुटे होतात. इतक्या थोड्यांची नोंद यंत्राला नीट घेता येत नाही. म्हणून फाबिओ साउली या शास्त्रज्ञांनी 1997 साली जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एक चाळण पुढे आणली. मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका जाड प्लास्टिकचा पापुद्रा, दोन्ही अंगांना तांब्याचा पातळ थर, आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे सहा हजार भोके! दोन थरांमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास विद्युत्‌दाब ठेवतात. भोवती ऑर्गन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू असतात. भोकात शिरलेला इलेक्ट्रॉन वेगाने ओढला जातो, वायूच्या परमाणूंवर आदळतो, त्यांचे इलेक्ट्रॉन सोडवतो. एकाचे सुमारे वीस होतात.

मग दाब वाढवून एकाच चाळणीत हजारोंचे पीक का काढू नये? लोभ नडतो. ठिणगी पडते आणि पापुद्रा जळतो. धुळीचा कण भोकात अडकला तरी हीच भीती. म्हणून जोडणी निर्धूळ खोलीत करतात आणि तीन चाळणी एकीखाली एक बसवतात. शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवावे : वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार.

सर्नच्या सीएमएस या प्रयोगात म्युऑन टिपण्यासाठी 2019 व 2020 साली अशा 144 पेट्या बसवल्या. त्यांच्या जोडणीत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाही हात होता.

न्यूट्रॉनचे मात्र अवघड. त्याला विद्युत्‌भारच नाही. वायूतून तो इलेक्ट्रॉन न सोडवता मुकाट्याने निघून जातो. पण ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतांनी पदार्थांची अंतर्रचना तपासतात. तिथे तो मोजावाच लागतो. यासाठी हेलियम-3 हा वायू उत्तम. तो मुख्यतः अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियमपासून मिळतो, आणि 2009 च्या सुमारास जगभर त्याची चणचण भासली.

तेव्हा लक्ष गेले बोरॉनकडे. कॅरमवर आपण भुरभुरतो ती बोरिक पावडर, तिच्यातलाच हा बोरॉन! त्याच्या बोरॉन-10 या प्रकाराचा लेप पेटीत देतात. न्यूट्रॉन त्यात शोषला, की अणुगर्भ फुटून अल्फा आणि लिथियम असे दोन भारित तुकडे विरुद्ध दिशांना उडतात. एक लेपाच्या पाठीमागे जिरतो, दुसरा वायूत येऊन इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि पुढे चाळणीचे काम सुरू. अडचण एवढीच, की एका लेपात शंभर संथ न्यूट्रॉनांपैकी चारपाचच सापडतात. लेप जाड करावा, तर तुकडे आतच अडकतात. म्हणून पातळ लेपांचे अनेक थर रचतात. काही ठिकाणी तर चाळणीलाच लेप देतात.