पीपीटीची पीडीएफ केली अन् लिंक गायब? दोष ‘प्रिंट’चा
बुलढाणा : समजा, लोणार सरोवरावर पीपीटी केली. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले त्याचा व्हिडिओ, त्याच वर्षी मिळालेल्या रामसर दर्जाची माहिती, नकाशा. सगळ्यांच्या लिंक दिल्या. पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि मुलांच्या मोबाइलवर एकही लिंक उघडेना. अक्षरे निळी, खाली रेघही आहे; पण बोट लावले तर काहीच होत नाही.

कारण बहुतेक वेळा एकच असते. पीडीएफमधली लिंक म्हणजे अक्षरांवर ठेवलेली न दिसणारी चौकट. वेबपत्ता तिच्यात असतो. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडले की संगणक स्लाइड कागदावर छापल्यासारखी उतरवतो. अक्षरे येतात, चौकट गळते. म्हणून पॉवरपॉइंटमध्ये ‘प्रिंट’ऐवजी ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा. गुगल स्लाइड्समध्ये ‘फाइल’मधल्या ‘डाउनलोड’मधून, लिब्रेऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ने काम होते. स्क्रीनशॉट जोडून केलेल्या पीडीएफमध्ये मात्र लिंक येणारच नाही, तो नुसता फोटो.

ग्रुपवर टाकण्याआधी फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडून प्रत्येक लिंक दाबून पाहा. महत्त्वाचा वेबपत्ता स्लाइडवर पूर्ण लिहूनही ठेवा. कोणी झेरॉक्स काढली तरी तो टाइप करता येतो.