एका ओळीची आज्ञा

यंत्राला काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक दाखविण्याचा आणि दुसरा लिहिण्याचा. पडद्यावरील चित्रावर बोट ठेवले की काम होते, हा पहिला मार्ग आता घरातील लहान मूलही जाणते. दुसऱ्या मार्गात चित्र नसते, बटण नसते. काळ्या पाटीवर एक ठिपका लुकलुकत असतो आणि यंत्र मुकाट्याने आपल्या शब्दाची वाट पाहत असते. यालाच कमांड लाइन म्हणतात. पहिला मार्ग इतका सुलभ असताना हा दुसरा, जुनाट दिसणारा मार्ग का टिकला? इंटरनेटचा डोलारा सांभाळणारी मंडळी त्यालाच का चिकटून आहेत? आणि त्यात धोका कोणता? या प्रश्नांचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांतील मुले-मुली रात्री-अपरात्री उठून ज्या पाटीपुढे बसतात ती हीच असल्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

पूर्वी एखाद्या वर्तमानपत्राला किंवा दुकानदाराला इंटरनेटवर आपले ठाणे मांडावयाचे तर सर्व्हर विकत घ्यावा लागे, त्याला थंड खोली द्यावी लागे, विजेची तरतूद करावी लागे. अॅमेझॉन कंपनीने २००६ साली साठवणुकीची जागा आणि पाठोपाठ चालते संगणकही भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि सगळे गणित पालटले. तिचा मुंबईचा विभाग २०१६ साली सुरू झाला. गंमत अशी की भाडेकरू त्या इमारतीत कधी पाऊलही टाकीत नाही. यंत्र दिसत नाही, त्याला हात लागत नाही. संबंध उरतो तो केवळ निरोपाचा. आपण चित्रावर बोट ठेवा किंवा ओळ लिहा, अखेर त्या दूरच्या यंत्राकडे जातो तो एकाच जातीचा निरोप.

मग फरक तो काय राहिला? फरक असा की बोटाचा मागमूस मागे राहत नाही. वीस यंत्रे मांडताना कोणत्या क्रमाने काय काय दाबले, हे महिन्याने दाबणाऱ्यालाही आठवत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र कागदावर राहते. ती सहकाऱ्याला आधी वाचून दाखविता येते, उद्या जशीच्या तशी पुन्हा देता येते, आणि चूक कोणत्या शब्दात झाली ते नंतर शोधताही येते. तोंडी व्यवहार आणि दस्तऐवज यांत जो भेद आपले वकील मानतात, तोच येथे आहे.

ही रीत जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीस हात घातला, तेव्हा समोर पडदा नव्हता; कागदावर अक्षरे उमटविणारे संथ टंकयंत्र होते. त्यामुळे आज्ञाही आखूड झाल्या. यादी दाखव म्हणजे 'एलएस', पुसून टाक म्हणजे 'आरएम'. १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने त्यात 'पाइप' आला. एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या तोंडी आपोआप घालावयाचे, अशी ही योजना. चाळणीखाली चाळणी लावावी तसा हा प्रकार असून, अनेक सेवा एकत्र गुंफण्याची आजची सारी कला त्याच्यावर उभी आहे.

आता एक आज्ञा उलगडून पाहू. अॅमेझॉनने २०१३ साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या साधनात आपण लिहितो, 'एडब्ल्यूएस ईसीटू डिस्क्राइब-इन्स्टन्सेस', आणि पुढे विभागाचे नाव. पहिला शब्द साधनाचा, दुसरा सेवेचा, तिसरा क्रियेचा, बाकीची विशेषणे. वाक्याचा अर्थ इतकाच की 'माझी भाड्याची यंत्रे कोणकोणती ते सांग.' मुंबईचे नाव यंत्राच्या दरबारी 'एपी-साउथ-वन' असे आहे. ते न लिहिल्यास साधन आधी नेमून ठेवलेल्या विभागाकडे जाते. तो विभाग व्हर्जिनियाचा असला तर उत्तर येते कोरे, आणि नवशिक्याची छाती धडधडू लागते की आपली यंत्रे गेली कोठे! यंत्रे जागच्या जागी असतात. विचारणाराच भलत्या गावी गेलेला असतो. निरोपाबरोबर गुप्त किल्ली मात्र पाठविली जात नाही. किल्लीच्या साहाय्याने निरोपावर एक गणिती मोहोर उठविली जाते आणि ती तेवढी जाते. त्यामुळे वाटेत निरोप कोणी वाचला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही.

आज्ञा देण्यापूर्वी रंगीत तालीम करण्याची सोयही या साधनात आहे. साठवणुकीच्या सेवेत 'ड्रायरन' असा शब्द जोडला की कोणकोणत्या वस्तू पुसल्या जातील त्यांची यादी मिळते, पुसले काहीच जात नाही. संगणकांच्या सेवेत हाच शब्द मध्ये आडवी रेघ घालून लिहावा लागतो, आणि तेथे यादीऐवजी 'तुला हा अधिकार आहे की नाही' एवढेच कळते. शिवाय अधिकार असल्याची शुभवार्ता येते तीही चुकीच्या संदेशाच्या वेषात! एकाच घराण्यातील दोन भावंडांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ करावेत, हे आम्हांस मुळीच भूषणावह वाटत नाही.

या शब्दांची शक्ती केवढी, ते २८ फेब्रुवारी २०१७ रोजी जगाला कळले. अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील साठवणूक-सेवेत बिलांची प्रणाली मंदावली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडील रात्री ११ वाजून ७ मिनिटांनी, एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीबरहुकूम आज्ञा दिली. थोडेसे सर्व्हर बाजूला काढावयाचे होते. आज्ञेतील एक घटक चुकीचा लिहिला गेला आणि हेतूपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघून गेले. त्यांतील काही ज्या दोन विभागांचे आधार होते त्यांपैकी एक म्हणजे सूची, कोणती वस्तू कोठे ठेवली आहे ते सांगणारी. आणि दुसरा म्हणजे नव्या वस्तूला जागा नेमून देणारा. ग्रंथालयातील पुस्तके शाबूत असावीत आणि तालिकापत्रे मात्र नाहीशी व्हावीत, अशी अवस्था झाली. दोन्ही विभाग पुन्हा उभे करणे भाग पडले. तथापि तेथे ते संपूर्णपणे बंद करून सुरू करण्याची वेळ कित्येक वर्षांत आलेली नव्हती आणि दरम्यान साठा अफाट वाढला होता. सारे सुरळीत होईपर्यंत आपल्याकडे पहाटेचे ३ वाजून २४ मिनिटे झाली. सेवा चालू की बंद हे जगाला सांगणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच साठवणुकीवर विसंबून होता, त्यामुळे सुमारे दोन तास त्याच्यावर खरी स्थिती लिहिताच येईना.

चित्राच्या मार्गात निदान हाताला वेळ लागतो. शंभर सर्व्हर काढताना दहाव्या वेळी तरी मनुष्य थबकतो. ओळीला दहा काय आणि हजार काय, श्रम सारखेच. आमच्या मते या मार्गाचा खरा धोका येथे आहे. कंपनीने नंतर केलेली दुरुस्तीही नेमकी याच जागी होती. ते साधन सर्व्हर सावकाश काढील आणि कोणत्याही विभागाची शक्ती ठरलेल्या किमान मर्यादेखाली जात असेल तर काढणारच नाही, अशी व्यवस्था झाली. माणसाला अधिक सावध राहा असे बजावण्यापेक्षा आज्ञेलाच लगाम घातला, हे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

त्याच्या आधीच्याच महिन्यात, ३१ जानेवारीला, गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन हात आवरला तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती म्हणून निभावले. नित्याच्या प्रती निघतच नव्हत्या आणि तसे कळविणारी पत्रेही पोहोचत नव्हती. सर्व्हरांच्या पाट्या एकमेकींपासून सहज वेगळ्या ओळखू याव्यात, हा तेव्हा निघालेला उपाय किती साधा!

यावर आणखी एक मार्ग निघाला आहे. २०१४ साली हॅशिकॉर्प कंपनीने काढलेल्या टेराफॉर्म या साधनात 'हे कर, मग ते कर' असे सांगावयाचे नसते. आचाऱ्याला पाककृती न सांगता ताट कसे वाढलेले हवे तेवढे लिहून द्यावे, तसे येथे अखेरची स्थिती लिहून द्यावयाची. आज काय आहे आणि कागदावर काय हवे यांतील अंतर साधन स्वतः काढते आणि 'प्लॅन' म्हणताच आपल्यापुढे मांडते. नवीन गोष्टीपुढे अधिकचे चिन्ह, जाणाऱ्या गोष्टीपुढे वजाचे, आणि जेथे दोन्ही चिन्हे दिसतील तेथे जुने पाडून नवे बांधले जाणार, असे समजावे. अॅमेझॉनकडील भाड्याच्या डेटाबेसचे प्रारंभीचे नाव कागदावर बदलले तर, वरकरणी एका शब्दाचा बदल असूनही, हीच दोन चिन्हे उमटतात. अखेरीस किती गोष्टी येणार, किती बदलणार आणि किती नष्ट होणार, असे तीन आकडे येतात. तिसरा आकडा शून्य नसेल तर चहा बाजूस ठेवून सगळी योजना पुन्हा मुळापासून वाचावी.

त्यानंतर 'अप्लाय' म्हणावयाचे. तेथे साधन एकदा थांबून संमती विचारते. उत्तरात 'येस' हा शब्द पुरता लिहावा लागतो. नुसते 'वाय' चालत नाही. हा प्रश्न गाळण्याचीही सोय आहे आणि घाईची मंडळी ती वापरतात. आधी वाचून जतन केलेली योजनाच साधनाच्या हाती दिली तर ते संमती विचारीत नाही, आणि ते योग्यच. कारण मधल्या काळात त्याच्या नोंदीतील परिस्थिती बदलली असेल तर ती योजना शिळी ठरवून ते तिची अंमलबजावणीच नाकारते.