करवतीचा सूर



सुताराच्या दुकानावरून जाताना करवतीची खरखर कानी आली की आपली पावले आपोआप झपाझप पडू लागतात. बेसूर गळ्यास उपमा द्यावयाची झाली तरी आपणांस हीच करवत आठवते. परंतु तिच्यावर सारंगीचा गज फिरविला, तर पलीकडच्या खोलीत डोळे मिटून बसलेल्या माणसास वाटेल, की शेजारच्या माडीवर कोणी स्त्री ओठ मिटून आलाप घेत आहे.

ही किमया होते कशी? वादक करवतीची मूठ दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो, दात आपल्याकडे वळवितो आणि डाव्या हाताने टोक धरून पाते वाकवितो. नुसता धनुष्यासारखा बाक देऊन मात्र भागत नाही. टोक किंचित उलट दिशेस मुडपावे लागते, म्हणजे पाते नागमोडी होते. एक बाक संपून दुसरा जेथे सुरू होतो, तेथे पाते जवळजवळ सरळ असते. त्याच जागी बिनदाती कडेवर गज ओढावयाचा. कंप त्या जागेतच कोंडला जातो, दोन्हीकडच्या वाकलेल्या भागांतून त्यास बाहेर निसटता येत नाही. म्हणून गज उचलल्यावरही सूर रेंगाळत राहतो. बाक वाढविला की सूर चढतो आणि ती जागा टोकाकडे सरकते. सूर असा अखंड सरकत असल्यामुळे मींड या वाद्यास उपजतच साधलेली असते. मात्र येथे पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. सूर कोठे आहे हे केवळ कानाने शोधावयाचे.

युरोप-अमेरिकेत हे वाद्य करमणुकीच्या रंगमंचावर लोकप्रिय झाले. पण ते तेथेच थांबले नाही. जॉर्ज एनेस्कू या रुमानियन संगीतकाराच्या ‘एदिप’ या संगीतनाटकाचा पहिला प्रयोग १९३६ साली पॅरिस येथे झाला, त्याच्या वाद्यवृंदात करवतीस मानाचे स्थान आहे.

राळ लावलेला गज चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. त्यातूनच कंप टिकून राहतो. गजाने वाजणाऱ्या तारांचे हे शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ सालच्या आपल्या प्रबंधात मांडले. १९१० साली हेच रामन सरकारी हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून काही काळ आपल्या नागपुरात होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी एकतारीवर निबंध लिहिला होता. भिक्षेकऱ्याच्या हातातील वाद्य म्हणून आपण जिच्याकडे पाहतही नाही, तिच्यात त्या तरुण अधिकाऱ्यास विचार करण्याजोगे काही दिसले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण ‘विचित्र वाद्य’ म्हणजे तरी काय? बहुधा आपल्या बैठकीत न आलेले वाद्य! आपले नगर वसविले ते बख्त बुलंद या गोंड राजाने. गोंडांच्या वंशकथा गाणारे परधान ज्या गजाच्या वाद्यावर गातात, त्यास मंडल्याकडे बाना आणि आदिलाबादकडे किकरी म्हणतात. नागपुरातील किती सुशिक्षित घरांतून हे नाव तरी ठाऊक असेल? वारल्यांचा तारपा घ्या. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने अशा सामग्रीवर तो सिद्ध होतो. यल्लम्माच्या भक्तांचे चौंडके तर शास्त्रकारांसही कोड्यात पाडील. भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. चौंडक्यास चामडे आहे म्हणून ते अवनद्ध म्हणावे, तर त्या चामड्यातून ओवलेली तार छेडून ते वाजवितात. तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. करवत वाकविणाऱ्याचा डावा हात जे करतो, तेच हे.

अशी वाद्ये संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येतात. पण कपाटात राहतो तो भोपळा आणि ते लाकूड. ज्या कानाने त्यातला सूर शोधला, तो कान कपाटात ठेवता येत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जावा लागतो. ऐकणाराच उरला नाही, तर वाजविणारा तरी आपल्या मुलास का शिकवील?

असा कान घडविण्याची सुरुवात घरीच करता येते. चिनी मातीचा एक वाडगा घ्या, काठीने कडेवर हलकेच टिचकी मारा आणि थोडे थोडे पाणी ओतीत जा. नळाखाली घागर भरताना आवाज चढत जातो, वाडग्याचा मात्र उतरत जाईल! घागरीत वाजते ती आतली हवा. पाणी वाढेल तशी ती आखूड होते. वाडग्यात कंप पावते ती भिंत. पाण्याच्या भाराने ती मंदावते. असे वाडगे रागाच्या सुरांत मिळविले की झाले जलतरंग, जे आज मैफलीत सन्मानाने बसते.

तेव्हा, उद्या घरातले मूल चमच्याने पेले वाजवीत बसले, तर त्यास एकदम रागावू नका. पेला फुटणार नाही एवढे पाहा, आणि त्याच्या शेजारी बसून विचारा, ‘यातला षड्ज कोणता, सांग बरे?’