वाढत्या अंगाची सायकल

आपल्या वस्तीत दोन गोष्टी वाढत्या अंगाच्या घेतात, शाळेचा ड्रेस आणि सायकल. ड्रेसचं बरं असतं. कमरेला पिन लावता येते, बाही दुमडता येते. सायकल दुमडता येत नाही. तरी दुकानात गेलो की आपल्या तोंडून निघतंच, "मोठीच द्या भाऊ, चार वर्षं पुरली पाहिजे."

आम्हीही हेच म्हणत होतो. नर्सिंगचा डिप्लोमा केला, वॉर्डात वर्षं काढली, पण सायकलीचं माप हा आरोग्याचा विषय आहे हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं अकरा वर्षांच्या एका पोरामुळे. बापाची काळी चोवीस इंची सायकल तो मधल्या नळीखालून पाय घालून चालवायचा. आम्ही त्याला रोज बघायचो आणि कौतुकाने हसायचो. पुढे तो नळीवरून पाय टाकून चालवायला लागला. सीटवर बसला की पाय पायडलला पुरत नसत, म्हणून नळीवरच डुलत जायचा. धाम नदीच्या पुलाच्या अलीकडे समोर बकरी आली, त्याने ब्रेक दाबला आणि सगळा भार घेऊन नळीवर आदळला. जागा अशी की लाजेपोटी घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लघवीतून रक्त आलं, तेही आईला आजीकडून कळलं. दवाखान्यात नेलं, पोरगा बरा झाला. पण त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून आम्हाला एकच वाटत होतं, आपण रोज हसत काय होतो?

तेव्हापासून पवनारच्या आपल्या वस्तीत रविवारची वंदना झाली की अधूनमधून आम्ही टेप आणि एक जाड पुस्तक घेऊन विहाराच्या ओट्यावर बसतो. पुस्तक कशाला, ते पुढे सांगतो.

आधी इंचांचा घोळ. आपण "बावीस इंची", "चोवीस इंची", "सव्वीस इंची" म्हणतो, पण ही सगळी मापं एकाच गोष्टीची नसतात. लहान मुलांच्या सायकलीचा आकडा चाकाचा असतो. वीस इंची चाक साधारण सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला होतं, चोवीस इंची चाक त्याच्या वरच्याला. काळ्या मोठ्या सायकलीचा बावीस किंवा चोवीस हा आकडा मात्र फ्रेमचा असतो. म्हणजे पायडल जिथे फिरतात त्या धुऱ्याच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. तिची चाकं अठ्ठावीस इंची. त्यामुळे मुलासाठी चोवीस इंची मागायला गेलेला बाप कधी कधी सहा फुटी माणसाची सायकल घेऊन येतो.

सहा फुटी हे उगाच म्हणत नाही. ही काळी सायकल मूळ इंग्लंडच्या धाटणीची. लुधियानात हीरो सायकल १९५६ साली सुरू झाली, त्याआधी ॲटलस आणि हर्क्युलस होत्याच, आणि सगळ्यांनी तोच साचा पुढे चालवला. त्याच १९५६ मध्ये दीक्षा घ्यायला नागपूरला सायकलीवर गेलेल्या आजोबांच्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगतात. ते आजोबा काही सहा फुटी नव्हते. आम्ही टेप लावून मोजलं, तर चोवीस इंची फ्रेमची मधली नळी जमिनीपासून ८५ सेंटिमीटरच्या आसपास भरली आणि बावीस इंचीची ८० च्या. पाच फूट चार इंचाच्या माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण ७५ असते. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना सायकल तिरकी केल्याशिवाय नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकता येत नाहीत. आपली माणसं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या मापाच्या सायकलीवर कामाला गेली आहेत.

आता पुस्तक. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पायात वीतभर अंतर. पुस्तक मांड्यांच्या मध्ये आडवं धरून वर दाबायचं, सीटवर बसल्यावर दाब येतो तितकं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. हीच पायाची आतली लांबी. मुलींचं माप आईने किंवा ताईने घ्यावं, आडोशाला. नळीची सायकल असेल तर नळी या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर तरी खाली हवी. उंची विचारून काम भागत नाही. सारख्या उंचीच्या दोन बहिणींमध्ये एकीचे पाय लांब निघतात, दुसरीचं धड लांब.

सीटची उंची हा वेगळा विषय, आणि तिथे एक पैसा लागत नाही. एका मुलीची गोष्ट सांगतो. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, तशी तिला मिळाली होती. शाळा सात-आठ किलोमीटरवर. दोन महिन्यांत गुडघे दुखायला लागले, तेही समोरून, वाटीभोवती. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीले सायकल सोसत नाही." आई म्हणाली, दहावी झाली की बंद करू. बंद म्हणजे सायकल की शाळा, हे तिने उघड म्हटलं नाही, पण बस वेळेवर नाही आणि ऑटोला रोजचे पैसे नाहीत, म्हणजे अर्थ एकच होता. आम्ही सायकल बघितली. सीट पार खाली बसवलेली, तशीच मिळालेली, कोणी हात लावला नव्हता. मुलगी त्यानंतर चार बोटं वाढलेली. एक पाना आणि पाच मिनिटं. सीट दोन इंच वर गेली. तीन आठवड्यांनी दुखणं गेलं होतं.

कारण साधं आहे. पायडलचा एक फेरा झाला की काळी सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. आठ किलोमीटरला सोळाशे फेरे, जाऊन-येऊन बत्तीसशे. रोज इतक्या वेळा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडून त्यावर जोर द्यायचा, तर वाटीखाली दाब येणारच. उलट सीट फार उंच असेल तर गुडघ्याच्या मागे ओढतं, आणि कंबर दर फेऱ्याला डावी-उजवी डोलते. मागून गाडीवरून बघितलं तरी दिसतं.

बरोबर उंची अशी बघायची. कोणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय नुकता सरळ झाला पाहिजे, कंबर न कलंडता. मग चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात हलकी वाक आपोआप राहते. अशी सीट लावली की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत नाहीत, आणि बायका इथेच घाबरतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागते. नवशिक्याची सीट पहिले काही दिवस खाली ठेवली तरी चालेल, पण शिकल्यावर ती वर घ्यायची आठवण ठेवा. एक जपायचं, सीटच्या खांबावर रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. नाहीतर खांब वाकतो किंवा तुटतो. रेघ बाहेर आल्याशिवाय पाय सरळ होत नसेल तर सायकल लहान पडली समजा.

आणि "सायकल चालवल्याने मुलगी खराब होते" हे अजून कानावर येतं म्हणून स्पष्ट लिहितो. सायकल चालवल्याने मुलीचं काहीही बिघडत नाही, लग्नाचंही नाही, बाळंतपणाचंही नाही. त्रास होतो तो सीटचं नाक वर उचललेलं असेल तर, किंवा सायकल मोठी असेल तर. सीट आडवी सपाट करा.

आता पोरांच्या नव्या शौकाकडे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलवर पार केली, जवळपास ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. तेव्हापासून इकडच्या पोरांना वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड बाइक हवी असते. नवीन परवडत नाही म्हणून जुनी घेतात. आपल्या वस्तीतल्या एकाने कंपनीतल्या चार पगारांतून वाचवून अशी एक घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, सवय होईल. महिनाभरात त्याच्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या, मान आखडली. सकाळी शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत.

मोजलं तर फ्रेम ५८ सेंटिमीटरची. त्याच्या पायाची आतली लांबी ७५. रोड बाइकला ढोबळ हिशेब असा की या लांबीला ०.६५ ते ०.६७ ने गुणायचं. म्हणजे त्याला हवी होती ४९-५० ची. धुऱ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची लांबीच्या ०.८८३ पट धरतात, त्याची ६६ आली. त्याची सीट नळीला टेकेपर्यंत खाली घेतली तरी तेवढी खाली जात नव्हती. आणि फ्रेम उंच असली की लांबही असते, म्हणून तो हँडलपर्यंत पोचायला अंगाचा सगळा भार तळहातांवर टाकत होता. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने नस जाते, ती दबली की मुंग्या येतात. हातमोजे आणि जाड पट्टी गुंडाळून त्याने पैसे वाया घालवले होते.

मोठी फ्रेम लहान करता येत नाही. हँडलची मान बदलून दोन-तीन सेंटिमीटर जवळ आणता येतं, आठ सेंटिमीटरची चूक त्याने भरून निघत नाही. थोडी लहान फ्रेम मात्र सीट वर घेऊन चालवता येते. म्हणून दोन मापांच्या मध्ये अडकलात तर आमचं मत लहानाकडे. नव्या फ्रेमची मधली नळी उतरती असते आणि मापाऐवजी एस, एम, एल लिहिलेलं असतं. एका कंपनीचा एम दुसरीच्या एमएवढा नसतो, म्हणून स्टिकरवर न जाता चालवून बघा, पाच मिनिटं नाही, अर्धा तास. कोपर किंचित वाकलेलं राहतं का आणि खांदे कानाकडे चढतात का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. जुनी सायकल घ्यायला जाताना टेप खिशात ठेवा. विकणारा हसेल, हसू द्या.

नळीवर किंवा सीटवर जोरात मार बसला, तर मुलगा असो की मुलगी, त्या जागी कपड्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा. चोळू नका, तेल लावू नका. लघवी अडली, लघवीत रक्त आलं, सूज वाढत गेली किंवा रक्त थांबत नसेल, तर रात्र काढू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा वर्ध्याचं सामान्य रुग्णालय गाठा. मुलांना आधीच सांगून ठेवा की असं लागलं तर लाजायचं नाही, रागावणार नाही. हे वाक्य घरात बोललेलं नसतं म्हणूनच पोरं लपवतात. बोटांच्या मुंग्या सायकल दोन आठवडे बंद ठेवूनही गेल्या नाहीत तर डॉक्टरला दाखवा.

त्या पोराने ५८ ची सायकल सेलूच्या एका उंच मुलाला दिली आणि त्याची लहान घेतली, वर थोडे पैसे टाकून. मुंग्या हळूहळू गेल्या. अकरा वर्षांचा तो पोरगा आता नववीत आहे आणि त्याची उंची खरोखरच बापाएवढी झाली आहे. बापाला मात्र आम्ही अजून वळवू शकलो नाही. गवंडीकामाला वर्ध्याला जातो, त्याच चोवीस इंची सायकलवर, पायडल खाली गेलं की कंबर एका बाजूला टाकत. "सिस्टर, हे आता माह्या अंगाले बसली," म्हणतो. मागच्या रविवारी त्याची सीट अर्धा इंच खाली करू दिली, एवढंच.