भाडं कमी का आहे, ते आधी विचारा

पुण्यात नोकरी लागली, महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं आहे आणि पगारातला ठरावीक हिस्साच भाड्याला देता येणार आहे. अशा वेळी बहुतेक जण ॲपवर भाड्याचा आकडा टाकतात आणि जे घर आधी दिसेल ते बघायला धावतात. त्यांना घर मिळतं, पण वस्ती निवडायची राहून जाते आणि तिचा त्रास पुढे वर्षभर पुरतो. म्हणून क्रम उलटा करा. आधी वस्ती ठरवा, मग तिथे घर शोधा.

हे करताना एक गोष्ट पक्की धरा. कुठलीही वस्ती उगाच स्वस्त नसते, त्याला कारण असतंच. ते कारण शोधायचं आणि आपल्या घरातल्या माणसांना ते झेपेल का, हे ठरवायचं. बाकीची सगळी धावपळ याच कामासाठी आहे.

आधी महिन्याचा हिशेब

समजा, कामाचं ठिकाण शिवाजीनगरला आहे. एरंडवण्यात दोन खोल्यांना २४,००० रुपये भाडं सांगितलं, वाघोलीत १५,००० आणि आकुर्डी स्टेशनजवळ १७,०००. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी.) भाडं पाहिलं तर वाघोली सगळ्यात स्वस्त. आता त्यात प्रवास मिळवा. वाघोलीहून शिवाजीनगरला जाऊन-येऊन साधारण ३५ किलोमीटर होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ८७५ किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे असेल, तर दोन हजार रुपये पेट्रोललाच जातात. टायर, सर्व्हिसिंग वेगळं. नगर रस्त्यावरच्या गर्दीत जाणारा वेळही वेगळा. आकुर्डीहून लोकलने शिवाजीनगर गाठायला साधारण अर्धा तास लागतो आणि महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो. पहिल्या नजरेला दोन हजारांनी महाग वाटलेलं घर महिनाअखेरीस वाघोलीच्या बरोबरीला येतं, वर रोजचा बराच वेळ वाचतो.

कामाचं ठिकाण खराडीला असेल, तर हाच हिशेब उलटा होतो आणि वाघोली सोयीची ठरते. म्हणून दुसऱ्याने दिलेली 'स्वस्त एरियां'ची यादी आपल्या कामाची नसते. भाडं, मेंटेनन्स, प्रवास, पाण्याचा खर्च असे चार रकाने करा आणि प्रत्येक वस्ती त्यात मांडा.

अंतराऐवजी मार्ग बघा

पुण्यात किलोमीटर फसवतात. आठ किलोमीटरला कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. त्यामुळे नकाशावर कामाच्या ठिकाणाभोवती गोल काढू नका. तिथे पोहोचणाऱ्या रेघा काढा.

पहिली रेघ पुणे–लोणावळा लोकलची: शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव. दुसरी रेघ मेट्रोची. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी हे दोन मार्ग सिव्हिल कोर्टला एकमेकांना मिळतात. पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली. तिसरी रेघ पीएमपीच्या बसची. आपल्या मार्गावर बस किती मिनिटांनी येते आणि रात्री शेवटची कधी सुटते, हे थांब्यावर उभं राहूनच कळतं. लोकलचं वेळापत्रकही नीट वाचा. दुपारी दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, त्यामुळे पाळीची नोकरी असेल तर अडचण होते.

या रेघा जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे जास्त लक्ष द्या. दापोडी आणि कासारवाडीला लोकलही आहे आणि मेट्रोही. या पट्ट्यात लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती पुष्कळ आहेत. चकचकीत संकुलांच्या जाहिरातींत त्या दिसत नाहीत, त्यामुळे ॲपवर शोधणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात.

स्वस्ताईची कारणं तीन प्रकारची

पहिली, सोसता येणारी. इमारत जुनी आहे, तिसऱ्या मजल्यावर जिना चढून जावं लागतं, पार्किंग नाही, रस्त्याचा आवाज येतो, किंवा भागाच्या नावाला वजन नाही. सहकारनगर, बिबवेवाडी, कर्वेनगर, सांगवी, चिंचवड या भागांतल्या जुन्या सोसायट्यांत असं घर मिळू शकतं. शाळा, दवाखाना, भाजी, बस सगळं हाकेच्या अंतरावर असतं. पंचविशीतल्या जोडप्याला जिन्याचं काही वाटत नाही. गुडघे दुखणारी आई सोबत असेल, तर तेच घर तिच्यासाठी कोंडवाडा होतं. सोसणारं माणूस कोण, हे कारणाइतकंच महत्त्वाचं.

दुसरी, संपणारी. दारासमोर उड्डाणपुलाचं किंवा मेट्रोचं काम चालू आहे, रस्ता खणलाय, धूळ उडते आहे. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या कामात बाणेर आणि गणेशखिंड रस्त्याच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं. काम संपलं की भाडं चढतं. अशा ठिकाणी नेहमीच्या अकरा महिन्यांऐवजी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागा आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या.

तिसरी, सोसू नयेत अशी: पाणी नसणं, पुराचं पाणी घरात येणं आणि इमारतीची कागदपत्रं नसणं. या तिन्हींवर कितीही स्वस्त भाडं हा उतारा नाही.

कडेची गावं आणि पाणी

पाण्याची अडचण समजायला शहराची कड कशी सरकत गेली ते आधी बघा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. तिथल्या कुटुंबांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हा ती गावाबाहेरची जागा होती, आज शहराच्या मध्यात आहे. पुण्याची स्वस्त कड अशी सतत बाहेर सरकत आली आहे. धायरी, आंबेगाव, उंड्री, लोहगाव अशी ११ गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. नऱ्हे, सूस, वाघोली, मांजरी बुद्रुक, खडकवासला यांसह २३ गावं २०२१ मध्ये आली. गावं आधी वाढली, इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागून येत आहेत. या पट्ट्यात भाडं कमी असण्याचं मोठं कारण हेच आहे.

म्हणून अशा भागातलं घर संध्याकाळी एजंटबरोबर पाहून झालं, तरी एकदा सकाळी सहा-सातच्या सुमाराला एकट्याने फाटकापाशी जा. टँकर आत वळत असेल, पाइप टाकीत सोडला असेल, शेजारी वॉचमन वहीत टँकरचा नंबर लिहीत असेल. त्याला नमस्कार करून तीन प्रश्न विचारा. "काका, दिवसाला किती टँकर लागतात? उन्हाळ्यात किती? कॉर्पोरेशनचं पाणी येतं का, आणि किती वेळ?" एजंट सांगत नाही ते तो सांगतो, कारण वही त्याच्याच हातात असते. पावसाळ्यातही रोज टँकर लागत असतील, तर एप्रिल-मेमध्ये काय होईल ते ओळखा. टँकरचे पैसे मेंटेनन्समधून जातात की भाडेकरूकडून वेगळे घेतात, हे मालकाला विचारा आणि करारात लिहून घ्या.

पूररेषा

नदी-ओढ्याकाठचं तळमजल्याचं घर अनेकदा स्वस्त असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत घरांत पाणी शिरलं, माणसं दगावली. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. दापोडी-सांगवीकडे पवना नदी मुळेला मिळते, तिथेही सखल भागांत पाणी चढतं.

पाटबंधारे खातं नदीसाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर त्या पाहता येतात. नकाशा समजला नाही, तर समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. निळ्या रेषेच्या आतलं तळमजल्याचं घर घेऊ नका.

सरकारचा दरतक्ता

राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता प्रसिद्ध करतो. सगळे त्याला रेडी रेकनर म्हणतात. त्यात प्रत्येक भागातल्या सदनिकेचा दर चौरस मीटरमध्ये असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. भाडं त्यात नसतं, पण भागांची उतरंड दिसते. जिथे जायची इच्छा आहे त्या भागाचा दर पाहा, मग त्याला लागून असलेल्या भागांचे पाहा. एक रस्ता ओलांडला की दर ठळकपणे उतरतो, अशा जागा सापडतात. पलीकडे बाजार, शाळा, बसथांबा तोच, फक्त नाव वेगळं. शोध त्या रस्त्यापलीकडे सुरू करा.

पायी फिरा

दोन-तीन वस्त्या निवडल्या की प्रत्येकीत दोनदा जा: एकदा कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत, एकदा रात्री नऊनंतर. सकाळी प्रवासाची खरी वेळ कळते, रात्री दिवे, वर्दळ आणि एकट्या मुलीला चालत जाता येईल का ते कळतं. फाटकांवर 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लागलेल्या असतात. त्यातल्या काही घरमालकांना एजंट नको असतो, तेव्हा साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली वाचते. इस्त्रीवाले, दूधवाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकू यांना कुठली खोली रिकामी होणार आहे हे आठवडाभर आधी माहीत असतं. "शेजारच्या बिल्डिंगमध्ये काय भाडं चाललंय?" हा प्रश्न तीन ठिकाणी विचारला की त्या गल्लीचा भाव समजतो.

करार आणि पहिलं वर्ष

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याचा) का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क फार नसतं: एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाला १० टक्के व्याज मिळून जी रक्कम होईल, तिच्या ०.२५ टक्के. १५,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट आणि ११ महिने, तर शुल्क चारशे-पाचशे रुपयांच्या घरात येतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. आधार कार्डाच्या मदतीने घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. "नोटरी करून घेऊ, चालतं" असं कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

पहिला करार ११ महिन्यांचा असेल, तर तो काळ वस्ती पारखायला वापरा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यात बसेल असं पाहा, कारण पुण्यातल्या वस्तीचे दोष याच दोन ऋतूंत उघडे पडतात. वर्षअखेरीस तोच चार रकान्यांचा कागद काढा आणि अंदाजाशेजारी प्रत्यक्ष खर्च लिहा. घर स्वस्त असण्याचं कारण घरातल्या सगळ्यांना झेपलं असेल, तर करार वाढवून घ्या. एकालाही झेपलं नसेल, तर भाडं कितीही कमी असो, बिऱ्हाड हलवा.