खालचा जबडा खरोखर रुंद होतो का?

मुलाचे दात एकमेकांवर चढलेले दिसले, की घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, ‘जबडा लहान आहे, प्लेट बसवून मोठा करून घ्या.’ वरच्या जबड्याबाबत हे बरेचसे खरे आहे. टाळूच्या मध्यावरील सांधा किशोरवयापर्यंत पक्का झालेला नसतो. स्क्रूच्या उपकरणाने तो उघडता येतो आणि फटीत नवे हाड भरते. खालच्या जबड्याचे मात्र तसे नाही. जन्मतः त्याचेही दोन भाग असतात. पण हनुवटीपाशी ते पहिल्या वर्षातच एकसंध होतात. पुढे स्क्रू कितीही फिरवला तरी हाड रुंदावत नाही, दात तेवढे बाहेर कलतात.

कललेले दात ओठ व गालांच्या दाबाने पुन्हा आत येऊ पाहतात. सुळ्यांमधील वाढविलेले अंतर तर क्वचितच टिकते. फार कलल्यास हिरडी उतरून मुळे उघडी पडण्याचे भय असते. म्हणून कित्येकदा दातांच्या कडा किंचित घासून किंवा उपदाढा काढून जागा केली जाते. निरोगी दात काढायचा म्हटले की आईचा जीव कळवळतो, हे खरे. तरी हाडाबाहेर ढकललेल्या दातापेक्षा तो मार्ग पुष्कळदा बरा.

हाडच फार अरुंद असेल, तर शस्त्रक्रिया उरते. हाड कापून त्याची टोके सावकाश दूर नेली, की मध्ये नवे हाड धरते, हे तत्त्व सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव यांनी हातापायांच्या हाडांवर सिद्ध केले. व्हेनेझुएलाचे शल्यविशारद गेरेरो यांनी १९९० च्या सुमारास ते हनुवटीच्या मध्यावर योजले. पुढच्या दोन दातांमधून हाड उभे कापून उपकरण बसवितात. पाच-सात दिवस काहीच करीत नाहीत. मग रोज सुमारे १ मिलिमीटर अंतर वाढवितात. घाई केली तर हाड धरत नाही, रेंगाळले तर ते वेळेआधीच सांधते. पुढे दोन-तीन महिने उपकरण तसेच राहते. या काळात समोरच्या दातांत ठळक फट दिसते. घरात लग्नकार्य असेल तर तारखा आधीच पाहाव्यात! मुळांना इजा, जंतुसंसर्ग, जबड्याच्या सांध्याचे दुखणे हे धोकेही डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.

सल्ला घेताना एवढे अवश्य विचारावे : रुंद काय होणार, हाड की केवळ दातांची कमान? उत्तर कोणतेही असो, नंतर दातांमागे बारीक तार वर्षानुवर्षे ठेवावी लागते.